सेवेत असलेल्या लष्करी गाड्या-तोफांचा भरवसा वाढवायचा तर सुरुवात कुठून?

धागा: वाळूजकर

संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या बऱ्याच छोट्या कारखानदारांचं लक्ष सध्या लष्करी सुट्या भागांकडं वळलंय. ऑगस्ट २०२० पासून संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर आयात होणाऱ्या भागांच्या याद्या दिसतात. त्यातला एखादा भाग निवडायचा, नमुना मागवायचा, मापं घ्यायची आणि तसाच करून स्वस्तात द्यायचा, एवढाच बहुतेकांचा हिशेब. पण भाग तसाच केला की बिघाडही तसाच येणार, हे कुणी बोलत नाही.

मला त्याच्या पुढचं विचारायचंय. टी-७२ रणगाडा असो, बीएमपी-२ ही पायदळाची चिलखती गाडी असो की एल-७० ही विमानविरोधी तोफ, ही सामग्री कित्येक दशकं सेवेत आहे आणि अजून बरीच वर्षं राहणार. नवीन डिझाइन करा असं कुणी म्हणत नाही. आहे त्याच यंत्रात बिघाड कमी कसे होतील आणि झालाच तर दुरुस्ती लवकर कशी उरकेल? कोणता भाग आधी धरायचा? बदल करताना नेमकं काय चुकतं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. "गुणवत्ता वाढवा" छाप प्रतिसाद नकोत, ती पाटी कारखान्याच्या गेटवर असतेच.

एक विनंती. कुठल्या युनिटात काय बंद पडलंय, किती गाड्या उभ्या आहेत, असलं इथं लिहू नका. पद्धतीवर बोलू.

छावणी_नाका

भाऊ, आधी मोजायचं काय ते ठरवा. बिघाड किती तासांनी येतो हा एक आकडा, आणि आला की यंत्र किती वेळ उभं राहतं हा दुसरा. लोक पहिल्याच्याच मागं लागतात.

समजा एखादं यंत्र सरासरी १०० तास चालून एकदा बंद पडतं. प्रत्यक्ष पान्याचं काम ४ तासांचं, पण सुटा भाग येण्याची, क्रेन मिळण्याची, तपासणीची सही होण्याची वाट ६० तास. १०० भागिले १६४, म्हणजे उपलब्धता ६१ टक्के. आता भरपूर पैसा घालून दोन बिघाडांमधलं अंतर दुप्पट केलं, तर २०० भागिले २६४, म्हणजे ७६ टक्के. आणि यंत्राला हात न लावता नुसती वाट ६० वरून २० तासांवर आणली तर १०० भागिले १२४, म्हणजे ८१ टक्के.

पण म्हणून नुसता साठा वाढवला की झालं, असंही नाही. चालू कारवाईत मधेच बंद पडलेल्या रणगाड्याला डेपोतला सुटा भाग काय कामाचा? तिथं हिशेब वेगळा. एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर, १०० तास असेल तर सलग २४ तास बिघाडाशिवाय जाण्याची शक्यता ७९ टक्के, २०० तास असेल तर ८९. हा आकडा साठ्यानं हलत नाही, भाग सुधारल्यानंच हलतो.

त्यामुळं याद्या दोन करा. एक, कारवाई थांबवणाऱ्या बिघाडांची. दुसरी, वर्कशॉपचे माणूस-तास खाणाऱ्या बिघाडांची. दोन्हींत वर दिसणारा भाग पहिला धरायचा. आणि तो बहुतेक वेळा इंजिन किंवा तोफेची नळी नसतो. होज, क्लॅम्प, रिले, ऑइल सील, स्विच, कनेक्टर असलंच काहीतरी असतं. किमतीनं किरकोळ, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही.

आकडेमोड

वरच्या याद्या करायला नोंदी लागतात, आणि तिथंच घोडं अडतं. "पंप बदलला, चालू झाला" या नोंदीचा उपयोग शून्य. कमीत कमी एवढं हवं: मीटरवरचे तास किंवा किलोमीटर, काढलेल्या आणि बसवलेल्या दोन्ही भागांचे अनुक्रमांक, डावा की उजवा, पुढचा की मागचा, चालकाला काय जाणवलं ते त्याच्याच शब्दांत, बिघाड चालताना आला की सुरू करताना की तपासणीत, आणि भाग वर गेल्यावर खोलून पाहिला तेव्हा खरं काय निघालं. हा शेवटचा रकाना खाली परत आला नाही तर सगळा आटापिटा वाया. बिघाड-नोंद, विश्लेषण आणि सुधारणा यांचं वर्तुळ बंद झालंच पाहिजे, फ्राकास म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट, न बिघडलेले भागही मोजा. १० पंप बसवले. ३ पंप २००, ३०० आणि ४०० तासांवर गेले, ७ पंप ५०० तासांनंतरही चालू आहेत. फक्त गेलेल्यांची सरासरी काढली तर ३०० तास येते. खरं तर एकूण चाललेले तास ४४००, बिघाड ३, म्हणजे एमटीबीएफ साधारण १४७० तास. ३०० धरून "दर २५० तासांनी बदला" असा नियम केला की चांगले पंप भंगारात आणि साठा रिकामा.

मग वायबुल आलेख काढा. वयानुसार बिघाडाचा धोका वाढतो की घटतो ते त्यातून दिसतं, आणि त्याचा उतार म्हणजे बीटा. बीटा १ पेक्षा कमी आला तर भाग नवा असतानाच जातोय. दोष बसवण्यात, पॅकिंगमध्ये किंवा कारखान्यात शोधा. मुदतीनं बदलत राहिलात तर बिघाड वाढतील. बीटा १ च्या आसपास असेल तर बिघाड वयावर अवलंबून नाही, मुदतीनं बदलून फायदा नाही. बीटा २-३ च्या वर गेला की खरी झीज, तिथंच मुदत ठरवण्यात अर्थ आहे.

नागरी विमानांच्या भागांवर नोलन आणि हीप यांचा १९७८ चा अहवाल आहे. त्यात ८९ टक्के भागांना मुदतीनं बदलण्याचा फायदा नाही असं निघालं होतं.

लातूरचा_पाना

ताई, नोंदींचं शंभर टक्के मान्य. पण तो ८९ चा आकडा रणगाड्याला लावू नका. ते विमान होतं, हवेत चालणारं, चिखलात लोळणारं नव्हे. ट्रॅकची पिन, रबर बुश, रोड व्हीलचं रबर, क्लच प्लेट, ब्रेक बँड हे सगळे सरळ झिजणारे भाग. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी चालली की स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, आणि ट्रॅकच्या मधे गोळे बसतात, आणि सुकल्यावर तीच माती पॉलिश पेपरसारखी घासते. इलेक्ट्रॉनिक्सला तुमचं बरोबर, चेसिसला नाही.

आकडेमोड

मान्य. म्हणूनच दुसऱ्याचा टक्का उचलण्यापेक्षा आपला बीटा काढावा म्हणते. एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडतील.

रबरवाला_चिकलठाणा

सीलबद्दल सविस्तर लिहितो, कारण गळती हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त छळणारा बिघाड.

पहिलं, उतरवलेली सील फेकू नका. पिशवीत घाला, वर जागा आणि तास लिहा. सील स्वतःच कारण सांगते. दोन्ही बाजूंनी चपटी झाली असेल तर उष्णता किंवा जास्त दाब बसलाय, दबून परत न फुलणं, कॉम्प्रेशन सेट म्हणतात ते. एका कडेला उंदरानं कुरतडल्यासारखी असेल तर ती फटीत ढकलली गेलीय, म्हणजे फट मोठी आहे किंवा रबर मऊ आहे. अंगावर पिळासारखे तिरके काप असतील तर लांब स्ट्रोकमध्ये ती गुंडाळली गेलीय. फुगून लिबलिबीत झाली असेल तर रबर आणि तेलाचं जमत नाही. टणक होऊन तडे गेले असतील तर तापमान. पाच कारणांना पाच वेगळे उपाय आहेत, आणि "चांगल्या कंपनीची सील टाका" हा त्यातला एकही नाही.

दुसरं, मटेरियल. सगळ्यात जास्त गडबड इथं होते. साधं नायट्राइल रबर साधारण उणे ३० ते १०० अंशांपर्यंत चालतं. संभाजीनगरच्या उन्हात इंजिनजवळची नायट्राइल सील टणक होते म्हणून कुणीतरी व्हायटॉन हे जास्त उष्णता सोसणारं रबर सुचवतो. व्हायटॉन २०० अंशांपर्यंत टिकतं, उन्हाळाभर गळती बंद, सगळे खूश. तीच गाडी लडाखला गेली की साधं व्हायटॉन उणे १५-२० च्या खाली कडक पडतं आणि पहाटे सुरू करताना तेलाची धार लागते. अशा जागी एचएनबीआर, म्हणजे सुधारित नायट्राइल, बघा, उणे ३० ते १५० च्या आसपास. अजून खाली जायचं असेल तर थंडीसाठीचं खास ग्रेड लागतं, आणि थंडीत चालणारं नायट्राइल तेलात जास्त फुगतं, तेही तपासून घ्या. ईपीडीएम रबर मात्र खनिज तेलात अजिबात नाही, फुगून सील बसते ती खाच भरून टाकेल. ब्रेक फ्लुइडची सील आणि हायड्रॉलिकची सील दिसायला सारखी असते, डब्यावरचा क्रमांक बघूनच घ्यायची.

तिसरं, खाच आणि पृष्ठभाग. स्थिर जागी सील तिच्या जाडीच्या १५ ते ३० टक्के दाबली जावी, सरकणाऱ्या जागी ८ ते २० च्या आत. खाच ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, कारण तापल्यावर रबर फुगतं आणि त्याला जायला जागा लागते. सरकणाऱ्या रॉडचा खडबडीतपणा ०.२ ते ०.४ मायक्रॉन. आरशासारखा गुळगुळीत केलात तर तेलाची फिल्म टिकत नाही आणि सील कोरडी घासते. १०० बारच्या वर दाब असेल तर सीलला फटीत जाऊ न देणारी पीटीएफईची (टेफ्लॉनची) बॅकअप रिंग घाला, दाब दोन्हीकडून येत असेल तर दोन्ही बाजूंना.

आणि बसवताना आट्यांवरून सील सरकवायची असेल तर आट्यांवर टेप किंवा प्लास्टिकची टोपी. दहा पैशांचं काम आहे हो, पण स्क्रू-ड्रायव्हरनं ढकललेल्या सीलचं काय होतं ते पहिल्याच दिवशी दिसतं.

पारा_४४

तेलाचंही त्याला जोडून. ड्रममधलं नवं तेल स्वच्छ असतं हा मोठा गैरसमज. हायड्रॉलिकचं तेल नेमकं सोडणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हमधली फट काही मायक्रॉनचीच असते, आणि नव्या ड्रममधली घाणही तिथं अडकायला पुरते. टाकी भरताना फिल्टर-कार्टमधूनच भरा. नमुना घ्यायचा तो चालू यंत्रातून, तेल गरम असताना, पहिली धार सांडू देऊन, धुतलेल्या बाटलीत. टाकीच्या तळातून काढलेला नमुना तळाचीच कहाणी सांगतो.

इंजिन ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही सोबत चढू लागले तर एअर फिल्टरच्या पुढं, इंजिनाच्या बाजूला, कुठूनतरी धूळ आत शिरतेय. नुसतं सिलिकॉन वाढलं आणि धातू जागेवर असतील तर आधी सीलंट किंवा तेलातलं फेस मारणारं रसायन बघा, इंजिन उतरवू नका. धूळ शिरायची जागा बहुतेकदा फिल्टर नसतोच, त्याच्या पुढचा रबरी होज आणि ढिला क्लॅम्प असतो. पाईपच्या आतून बोट फिरवा, कोरडी रेघ सापडते.

उलटी चूकही होते, जास्तीची सेवा. कागदी फिल्टर रोज काढून जोरात हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि प्रत्येक वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते. हवा मारायचीच तर आतून बाहेर, २ बारच्या आत. त्यापेक्षा अडथळा दाखवणारा इंडिकेटर बसवा, तो लाल झाला की हात लावा. टी-७२ ला सायक्लोन आणि मागं तेलाळलेल्या जाळीच्या कॅसेट आहेत, तिथं हा नियम नाही. त्या धुवून, तेलात बुडवून, निथळूनच बसवाव्या लागतात. निथळायला वेळ दिला नाही तर तेल इंजिन ओढतं.

गोदाकाठ_नांदेड

इलेक्ट्रॉनिक्सकडं वळू का? इथं मराठवाड्यात मे महिन्यात सावलीत ४३-४४ अंश, बंद गाडीत पेटीच्या आत त्याहून कितीतरी वर. जुन्या पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे पहिले बळी. ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांना २००० तास असं आयुष्य दिलेला कपॅसिटर ७५ अंशांत ४००० तास जाईल. त्याच जागी १०५ अंशांना ५००० तासवाला टाकला तर ४०,००० तास. दहापट आयुष्य, किमतीत फरक काही रुपयांचा. फक्त उंची, पायांचं अंतर आणि रिपल करंट (सोसता येणारा चढ-उताराचा प्रवाह) जुळवा, आणि कंपनासाठी खाली चिकटवून घ्या. उंच कपॅसिटर पायांवर डोलत राहिला तर पाय तुटतो.

कनेक्टरचं दुखणं वेगळं. पिन मागं सरकलेली, रिकाम्या भोकात सीलिंग प्लग नाही, तारेला खाली झोका नाही म्हणून पाणी सरळ आत. टिनच्या पिनेला सोन्याचं सॉकेट जोडलं की कंपनात घासून काळी भुकटी तयार होते, आणि मग कुणीतरी पॉलिश पेपरनं पिना घासतो. सोन्याचा थर गेला, आता तो कनेक्टर कायमचा आजारी. क्रिम्प, म्हणजे तारेवर पिन दाबून केलेला जोड, ओढून तपासा. २० गेजच्या तांब्याच्या तारेनं जवळजवळ ९० न्यूटन, म्हणजे ९ किलोचा ओढा सोसला पाहिजे. साध्या पकडीनं दाबलेला क्रिम्प दिसतो झकास आणि अर्ध्यातच निसटतो.

आता सगळ्यात डोकेदुखीचं: "दोष आढळला नाही." पेटी गाडीत बंद पडते, वर जाते, बेंचवर चालू, परत येते, परत बंद. बेंच २५ अंशांत स्थिर उभा, गाडी ५५ अंशांत हादरतेय, दोष सापडणार कसा? यावर उपाय म्हणजे अनुक्रमांकानं पाळत ठेवा. एकच पेटी तीनदा फिरून आली की तिला नेहमीच्या रांगेतून बाहेर काढा, वीज चालू ठेवून गरम-थंड चक्रात टाका, सोबत कंपन द्या. आणि पेटी निर्दोष निघाली तर त्या गाडीची वायरिंग तपासा. तीन वेगवेगळ्या पेट्या एकाच गाडीत बंद पडत असतील तर पेटीचा काय गुन्हा?

लातूरचा_पाना

दुरुस्ती लवकर होण्यावर अजून कुणी आलं नाही, म्हणून थोडं.

एखाद्या कामाचा वेळ तुकड्यांत मोजा: दोष शोधणं, तिथं पोचणं, काढणं, बसवणं, जुळवणी, तपासणी. बहुतेक वेळा पोचणंच सगळ्यात जास्त खातं. टी-७२ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे, परत बसवताना जुळवणी करत बसावं लागतं. लेपर्ड-२ या जर्मन रणगाड्यात सगळं एका गठ्ठ्यात, साधारण अर्ध्या तासात बाहेर. तो फरक आता गाडी सेवेत असताना मिटणार नाही. पण छोटे बदल होतात. झाकणाचे २० बोल्ट काढून ६ अडकून राहणारे स्क्रू आणि बिजागरी, पण दाब आणि पाणी सोसतं का ते तपासूनच. वेगवेगळ्या मापांच्या डोक्यांऐवजी दोनच मापं. ड्रेन प्लगच्या जागी कॉक, नळीला आपोआप बंद होणारं कपलिंग, दाब तपासायला बाहेरूनच टेस्ट पॉइंट. दोन शेजारचे कनेक्टर उलटसुलट बसत असतील तर एकाची की, म्हणजे जुळणारी खाच, बदला. नुसत्या रंगीत पट्टीनं भागत नाही, ती रात्री दिसत नाही.

मोठ्या बदलाचं उदाहरण म्हणजे एल-७०. बीईएल या सरकारी कंपनीनं केलेल्या सुधारणेत जुन्या हायड्रॉलिकच्या जागी इलेक्ट्रिक ड्राइव्ह आणि इलेक्ट्रो-ऑप्टिकल साइट आली. तेल, सील, होज ही बिघाडांची अख्खी जमातच तिथून उठली. मे २०२५ मध्ये ड्रोनविरुद्ध त्याच तोफा कामाला आल्या.

आणि सुधारणेची चाचणी कंपनीच्या कसबी फिटरकडून घेऊ नका. ज्याला ते काम खरोखर करायचंय त्याच जवानानं, हातमोजे घालून, रात्री, युनिटाच्या पेटीतल्याच हत्यारांनी करून दाखवलं पाहिजे. मुद्दाम दोष पेरा आणि घड्याळ लावा.

वाळूजकर

भरपूर मिळालं, मंडळी. दोन प्रश्न राहिले. नमुन्यावरून भाग करताना काय सांभाळायचं? आणि चाचणीला किती नग लागतात?

छावणी_नाका

झिजलेल्या नमुन्यावरून झिजलेलंच माप मिळतं, आणि एका नगावरून टॉलरन्स कळत नाही. न वापरलेले किमान काही नग मागा, त्यांच्यात फरक किती आहे ते बघा, मग समोरच्या जोडीदार भागाचंही माप घ्या. इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी मापं होतील, पण माप म्हणजे निम्मंच काम.

टॉर्शन बारचं बघा, पिळून स्प्रिंगचं काम करणारा सस्पेन्शनचा दांडा. दिसायला दांडा आणि दोन टोकांना दाते. पण पोलाद दुसऱ्यांदा वितळवून शुद्ध केलेलं असतं, अंगावर शॉट पीनिंग (छर्रे मारून पृष्ठभाग मजबूत करणं) असतं, आणि कारखान्यात तो एका दिशेला मुद्दाम पिळून ठेवलेला असतो. म्हणून डावा-उजवा अदलाबदल चालत नाही, टोकावर खूण असते. उलट बाजूला बसवला तर लवकर तुटतो. अंगावर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा पडला तरी तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून रंग आणि टेपचं आवरण हाही भागच समजा. जालन्याला पोलाद भरपूर आहे, पण सळईच्या भट्टीतलं इथं चालत नाही.

मंजुरीचं म्हणाल तर ड्रॉइंगचा ताबा एएचएसपीकडं, म्हणजे त्या सामग्रीचे अधिकृत तपशील सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडं असतो. मटेरियल, कोटिंग, अगदी ग्रीस बदलायचं तरी त्यांच्याकडूनच. मंजुरी आली की नुसता भाग नाही, पूर्ण किट द्या: ब्रॅकेट, नट-बोल्ट, लेबल, मॅन्युअलचं बदललेलं पान, सुट्या भागांच्या यादीतला नवा क्रमांक, आणि जुन्या साठ्याचं काय करायचं त्याची सूचना. अर्ध्या गाड्यांना जुना भाग, अर्ध्यांना नवा, आणि दोघांचा क्रमांक एकच, असं झालं की स्टोअरवाल्याचे हाल कुत्रा खात नाही.

आकडेमोड

नगांचं गणित सरळ आहे. ठरलेलं आयुष्य भाग पार करेल याची ९० टक्के विश्वासार्हता, ९० टक्के खात्रीनं दाखवायची तर २२ नग पूर्ण मुदत चालवा आणि एकही बिघडता कामा नये. विश्वासार्हता ९५ टक्के हवी असेल तर, त्याच खात्रीनं, ४५ नग. ३-४ नग चालवून "पास" लिहिलेला अहवाल या हिशेबात जवळपास काहीच सिद्ध करत नाही. एमटीबीएफ दाखवायचा असेल तर एकही बिघाड न होता एकूण तास त्याच्या २.३ पट भरले पाहिजेत, हेही ९० टक्के खात्रीनंच. १००० तासांसाठी २३०० तास, मग ते १० नगांवर २३० तास का असेनात. पण हा दुसरा हिशेब बीटा १ धरून आहे. झिजणाऱ्या भागाला १० नग २३० तास चालवून १००० तासांची झीज कळणार नाही.

वाळूजकर

म्हणजे सीलसाठी पहिला हिशेब, पॉवर सप्लायसाठी दुसरा. बरोबर ना?

रबरवाला_चिकलठाणा

बरोबर. आणि सीलच्या २२ नगांत निम्मे तेलात गरम करून जुने केलेले घ्या, नुसते नवे नकोत. पाकिटावर क्युअर डेट, म्हणजे रबर पक्कं केल्याची तारीख, तिमाहीसकट छापा, काळ्या किंवा अपारदर्शक पिशवीत द्या, आणि खिळ्याला अडकवून ठेवू नका असं स्टोअरला लेबलवरच सांगा. लटकवलेली सील ताणून लांबते आणि टांगलेल्या जागी तडकते.